दोन खाती, एक बोट

पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. शर्वाणी खांबेटे आपल्या ‘बोटलय-मापका’शेजारी मोठ्या ऐटीत उभी होती. भारत आणि नेपाळमधल्या समाजमाध्यमांच्या वापराची तुलना तिला उद्या दोन्ही देशांच्या परिषदेत मांडायची होती.

“आजवर आपण खाती मोजली, माणसं नाही,” ती म्हणाली. “टाइप करताना दोन अक्षरांमध्ये बोट किती थबकतं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. हल्ली प्रत्येक मेसेजसोबत ती लय साठवली जाते. खातं बदलेल, बोटाची लय बदलत नाही.”

“म्हणून तर आमचं नेपाळ वधारलं!” परिषदेसाठी आलेले काठमांडूचे डॉ. प्रवीण महर्जन हसले. पुण्यात शिकल्यामुळे त्यांचं मराठी फक्कड होतं. “डोंगरात एका मोबाइलवर, एकाच खात्यावरून अख्खं घर लिहितं. तुमच्याकडे एकच गृहस्थ चार नावांनी स्वतःची वाहवा करतो. भारत घसरला की हो!”

“घसरू दे. खरं ते खरं.”

“मग ओळखीच्या घरावर एकदा तपासून घ्या. उद्या पहिला प्रश्न तोच येणार.”

शर्वाणीने आई-बाबांचे मेसेज यंत्राला दिले. आईचे, तिला रोज दुपारी येणारे. बाबांचे, नातेवाइकांच्या ग्रुपवरचे. तिने बँकेतली नोकरी सोडून संशोधन धरलं तेव्हापासून बाबांनी तिच्याशी अबोला धरला होता. ते तिच्या मनाला फार लागलं होतं, पण कुणापुढे बोलून दाखवायची तिची रीत नव्हती.

पडद्यावर उत्तर उमटलं: खाती दोन, व्यक्ती एक.

तिचं धाबंच दणाणलं. यंत्र इथे चुकलं तर सगळी तुलनाच कोलमडणार होती. तिने तडक आईला फोन लावला.

“आई, मला रोज मेसेज तूच करतेस ना?”

“मी कुठली गं! मला ती बारीक अक्षरं दिसतात कुठे? हेच लिहितात पहिल्यापासून. तिला सांगू नकोस, म्हणाले होते.”

शर्वाणीचे डोळे भरून आले.

“यंत्र चुकलं?” महर्जनांनी हळूच विचारलं.

“नाही. मीच चुकले. मीही खातंच मोजत होते.”

तेवढ्यात आईच्या खात्यावरून नेहमीचा मेसेज आला, ‘जेवलीस का?’

तिने लिहिलं, ‘जेवले, बाबा. तुम्ही?’

मग मोबाइल वाजला. या खेपेला उत्तर बाबांच्या खात्यावरून होतं.

‘जेवलो. परिषद झाली की घरी ये.’