पाचवा ठोका

अड्याळच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून चंद्रकांता नुकताच नीट झालेला टेपरेकॉर्डर घेऊन निघाली आणि पायरीवरच सुखरामला धडकली. त्याच्या हातात एक कॅसेट होती. ती वाजवायला त्याच्याकडे काही नव्हतं, आणि तिच्याकडे नेमकं तेच होतं... असं सुरू झालं सारं.

मासे वाढवायचं शिकायला सरकार सुखरामला दोन वर्षं जपानला पाठवणार होतं. त्याआधी नागपुरात जपानी भाषेची तोंडी परीक्षा. तळ्याच्या पाळीवर दोघं कॅसेट लावून बसायचे. त्यातली बाई ‘ओजिसान’ म्हणायची, म्हणजे काका. मग ‘ओजिइसान’, म्हणजे आजोबा. ‘त्सु’ त्याला पहिल्याच दिवशी जमला – चुलीतला च जिभेवर होताच की! पण काका आणि आजोबा त्याच्या कानाला एकच.

"तिकडच्या म्हाताऱ्याले काका म्हनशील तं खूश होईल तो," ती म्हणाली.

"खूश होईल, पन पास नाही करनार."

डोंग्याच्या काठावर वल्ह्यानं सारखे ठोके देत मासे जाळ्याकडे हाकायची सुखरामच्या घरची रीत. तसेच ठोके दे, तिनं सुचवलं. काकाला चार, आजोबाला पाच. मागच्या श्रावणात ते ठोके देता देताच त्याचा बाप, इतवारी, तळ्यात बुडून गेला होता... त्यानं वल्हं उचललं, पण हात वरच अडला. तिनं त्यावर आपला हात ठेवला. काढायचं विसरली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो ‘अरिगातो’ म्हणाला. आभार. शेवटचा ओ लांबवून पाच ठोके व्हायला हवेत. त्याचे चारच झाले.

"बराबर?"

हो म्हटलं तर कदाचित नापास होईल. राहील इथंच. तिच्या बाबांनी, केशवरावांनी, लाखांदूरच्या एका मुलाशी साक्षगंध उरकून तिचं लग्न पक्कं केलं होतं, हे तिनं त्याला सांगितलंच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "एक ठोका कमी पडला."

तो पास झाला.

एस.टी. निघताना त्यानं खिडकीतून पत्र्यावर बोट वाजवलं – अ, रि, गा, तो... आणि थांबला.

"पाचवा काहून नाही देत?"

"येऊन देतो. मले तूच पायजे, चंदा. दोन साल थांबशील नं?"

नाही म्हटलं असतं, तर तो उतरला असता.

तिनं मान हलवली. हो म्हणून.

गाडी वळली. घरी तिच्या लग्नाच्या मांडवाचे बांबू येऊन पडले होते. ती स्टँडवरच्या रिकाम्या बाकावर बसली... आणि पाचवा ठोका तिनंच दिला.