मोरधारेवरच्या सात मुली

मोरधारा गडाच्या पूर्व बुरुजावर ऊन चढले, तेव्हा खालच्या दरीतले धुके अजून हलले नव्हते, आणि ज्या टाक्यांचे पाणी एके काळी वेढ्याच्या दिवसांत शिबंदीला ओंजळीने वाटले जाई, त्याच टाक्यांवर छावणीतल्या गोऱ्या शिपायांचे कपडे आपटण्याचा आवाज सुरू झाला होता. पेशवाई बुडून पंचवीस वर्षे झाली होती. गडावरच्या आश्रमात आता कंपनी सरकारच्या आयरिश शिपायांच्या नकोशा मुली राहत. बाप लढाईत नाहीतर दारूत गेलेला, आई पटकीने मेलेली किंवा दुसरे लग्न करून निघून गेलेली. पलटण या मुलींना गडावर धाडी, आणि आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक नन त्यांना वाढवीत, राबवीत.

मुली पलटणीच्या बाजारात वाढलेल्या, म्हणून त्यांची बोली मराठी. ती बोलल्यास छडी मिळे. तरी टाक्यांवर त्या मराठीच बोलत. मठाची मुख्य मदर बेनिग्ना हिने अकरा वर्षांत एकही मराठी शब्द उच्चारला नव्हता, त्यामुळे तिला ती कळत नाही अशी मुलींची खात्री होती.

त्या सकाळी छावणीतून वर आलेल्या ठकूबाई पाणकिणीने घागर उतरवली आणि पदराने तोंड पुसत म्हटले, "पोरींनो, तो हॅकेट सार्जंट शनिवारी येतोय. बायको निवडाया."

"पुन्हा?" डेलिया मॅकॉय उठून उभी राहिली. लग्नाच्या वयाच्या सातजणींत ती मोठी, वीस वर्षांची. "गेल्या वर्षी इथूनच नेली ना त्यानं ॲग्नेसला?"

"तिला पुरली की आषाढात. जिन्यावरून पडली म्हणं. मी अंग धुतलं तिचं. जिन्यानं अंगावर पट्ट्याचे वळ उठत न्हाईत."

निवडीची रीत अशी होती: कर्नलची चिठ्ठी घेऊन शिपाई येई, अठरा वर्षे भरलेल्या मुली जुन्या सदरेत रांगेने उभ्या राहत, आणि तो आपला पांढरा हातमोजा पसंत पडलेल्या मुलीच्या तळहातावर ठेवी. तिने मूठ मिटली की होकार. आजवर कुणीही मूठ उघडी ठेवली नव्हती.

"पाडायचा," डेलिया म्हणाली. "ज्या कुणाच्या हातावर येईल तिनं खाली पाडायचा. सातहीजणींनी. बघू काय करतात!"

"टकलं करतील," एकजण म्हणाली.

"मग करू देत. डोकं शाबूत राहील ना?"

सगळ्या हसल्या. ओनोरा टिअर्नीही हसली. तिची नऊ वर्षांची बहीण विनी पलीकडे साबण कुटत बसली होती.

शुक्रवारी दुपारी मदरने ओनोराला एकटीला बोलावले, दार लावून घेतले आणि शांतपणे, स्वच्छ मराठीत म्हणाली, "बस, ओनोरा. हातमोजा पाडायचं ठरलंय ना?"

ओनोरा बसायचे विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अकरा वर्षं मी टाक्यांवरच्या खिडकीशी बसते, मुली. हॅकेट पलटणीतला जुना माणूस आहे. तो रिकाम्या हाताने गेला, तर कर्नल आश्रम बंद करील. उद्या तुझ्या हातून हातमोजा पडला, तर बंदराची गाडी जोडली जाईल. मद्रासच्या मठात लहान मुली हव्या आहेत."

"मदर, विनीला नको! मला काहीही करा."

"तेच तर करते आहे. तू आज्ञाधारक आहेस. जा."

शनिवारी सदरेत हॅकेट रांगेपुढून फिरला. त्याने हातमोजा प्रथम डेलियाच्या हातावर ठेवला. तो फरशीवर पडला. दुसरीच्या हातून पडला, तिसरीच्या हातून पडला, आणि दर वेळी वाकून तो उचलताना सार्जंटची मान अधिक लाल होत गेली.

"धुणी धुऊन पोरींचे हात लुळे झालेत वाटतं, मदर!"

"पुढे चला, सार्जंट," मदर म्हणाली.

सहावीच्याही हातून पडला. ओनोरा शेवटी उभी होती. हातमोजा तळहातावर आला. तिने डोळे मिटले आणि मूठही मिटली. रांगेतून डेलियाचा आवाज आला, "फितूर!"

तासाभरात प्रार्थनाघरात लग्न लागायचे होते. लहान मुली गाण्यासाठी ओळीने उभ्या होत्या. ओनोराने ती ओळ दोनदा पाहिली. विनी नव्हती. दाराशी ठकूबाई घागर घेऊन थांबली होती. ओनोराने नुसत्या नजरेने विचारले.

"गाडी तांबडं फुटायच्या आधीच गेली गं," ठकूबाई कुजबुजली. "लई रडत व्हती पोर."

गोव्याचे फादर कायतान यांनी रीतीप्रमाणे वधूला विचारले, हा पुरुष तुला मान्य आहे काय?

"नाही," ओनोरा मराठीत म्हणाली. मग साऱ्या प्रार्थनाघराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "नाही!"

"काय म्हणते ही?" हॅकेट ओरडला.

"नको म्हणते, सार्जंट," फादर म्हणाले.

"ती घाबरली आहे. विधी चालू द्या, फादर," मदरने फर्मावले. फादरांनी पुस्तक मिटले आणि ते वेदीवरून खाली उतरले.

हॅकेट रिकाम्या हाताने गड उतरला, तरी आश्रम बंद झाला नाही. फादरांची महिन्याभरात दूरच्या गावी बदली झाली. सातहीजणींची डोकी भादरली. सहाजणी वर्ष-दोन वर्षांत कारकुनांना नाहीतर शिपायांना दिल्या गेल्या, आणि त्यांपैकी एकही जाताना ओनोराशी शब्द बोलली नाही. ओनोरा टाक्यांवरच राहिली. दर नाताळात ती विनीची चौकशी करी, आणि दर नाताळात तिला तीन दिवस उपाशी कोंडत.

मदर वारली तेव्हा सोळा वर्षे उलटली होती. आश्रम मोडला. ओनोराने फादर कायतानांना शोधून काढले आणि त्यांच्याकडून मद्रासला पत्र लिहवले. चार महिन्यांनी उत्तर आले. फादरांनी ते थांबत थांबत वाचले: मठात आलेल्या मुलीला नवे नाव देतात, जुने नोंदवत नाहीत. त्या साली अकरा मुली आल्या. टिअर्नी कोणती, ते आता सांगता येत नाही. अकरांपैकी चार वारल्या.

फादरांनी कागद खाली ठेवला. त्यांना वर बघवेना.

"म्हणजे सात आहेत," ओनोरा म्हणाली. "मद्रासला पायी किती दिवस लागतात, फादर?"