झाडू अडला नाही

दवाखान्यातली आया आली ती बसलीच नाही.

"बाई, माणूस मारल्याचा आळ आलाय माझ्यावर. उद्या कामावरून काढणार, मग पोलीस. आजच मागच्या दारानं यायला लावलं."

वहिनींनी चष्मा पुसला. गुन्ह्यांचा शोध लावणं हा त्यांचा धंदा. सोबतीला धाकटा दीर. मनानं सोनं, डोक्यानं बैलगाडी.

"गेलं कोण?"

"चार नंबरच्या पलंगावरचा शिंपी. छातीच्या नव्या तापाचा. मोठे डॉक्टर म्हणतात, झाडताना मी प्राणवायूची नळी ओढली."

"ओढलीस?"

"सव्वीस वर्षं झाडतेय! त्या दुपारी पलंगाखालून भिंतीपर्यंत झाडू सरळ गेला. कुठे अडला नाही."

तिघं दवाखान्यात पोचली, तेव्हा दोन हमाल नऊ नंबरचा सिलिंडर ढकलत बाहेर चालले होते. भिंतीवर सूचना होती. भाऊजींनी ती मोठ्यानं वाचली, "तापाच्या आठव्या दिवसापासून श्वास एकाएकी खालावतो. आठव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत प्राणवायू काढू नये."

"शिंप्याचा तर चौथाच दिवस होता," सिस्टर कागद दाखवत म्हणाल्या. मान मात्र वर केली नाही.

"सिलिंडर कुठे ठेवता?"

"डोक्यामागे, भिंतीला टेकवून. दोघांशिवाय हलत नाही."

शिंप्याची बायको त्याचं गाठोडं न्यायला आली होती. त्यात गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं.

"बारा गोळ्या. ताप चढला त्या दिवसापासून रोज तीन. संपल्या, उतार नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी इथे आणलं."

मोठे डॉक्टर घड्याळ बघतच आले. "दुपारी नळी नाकात होती. हिनं झाडलं, माणूस गेला. आणखी काय हवं?"

"दिवस कसे मोजता?"

"पलंगावर आल्यापासून. घरचं खरं कोण सांगतं?"

वहिनींनी सगळ्यांना चार नंबरपाशी बोलावलं.

"भाऊजी, शेजारच्या पलंगाखालून झाडा. पार भिंतीपर्यंत."

"मी?"

"हात झिजायचे नाहीत."

भाऊजींनी झाडू रेटला. ठण्ण! सिलिंडर.

"हिचा झाडू त्या दुपारी वाजला नाही. कारण तिथे सिलिंडर नव्हताच. नसलेल्या सिलिंडरची नळी नाकात कशी, डॉक्टर?"

सिस्टरांना रडू फुटलं. "त्या दिवशी सकाळीच डॉक्टरांनी काढायला लावला. चौथा दिवस, सुधारतोय, म्हणाले. नंतर मला गप्प बस म्हणाले."

"बारा गोळ्या, रोज तीन. घरी किती दिवस?"

"चार," भाऊजी बोटं मोजत म्हणाले. "आणि इथे चार... अगं बाई! आठवा दिवस!"

"सूचना भिंतीवर तापाची, मोजणी पलंगाची. आठव्या दिवशी माणसाचा प्राणवायू काढून घेतला, आणि चूक कळल्यावर झाडणारी पुढे केली. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"एका झाडूवालीसाठी हा तमाशा?" डॉक्टर गरजले.

आया ऐकत नव्हती. ती नऊ नंबरकडे धावली होती. तिथल्या मास्तरीणबाईंचे ओठ निळसर पडले होते.

"बाई, ताप कधीपासून?"

मास्तरीणबाईंनी धापा टाकत आधी पाच बोटं दाखवली, मग तीन.

"कागदावर दिवसाचा आकडा तीन!" आया ओरडली. "सिलिंडर परत आणा!"

डॉक्टर काही बोलायच्या आत सिस्टर हमालांमागे पळाल्या. भाऊजीही पळाले, जन्मात पहिल्यांदा वेळेवर.

तासाभरानं मास्तरीणबाईंच्या ओठांवर रंग आला. डॉक्टरांनी आयाला कोपऱ्यात घेतलं. "मिटवून टाकू. उद्यापासून ये कामावर. काही दिवस मागच्या दारानं."

"आळ खोटा होता, हे लिहून द्या. आणि प्रत्येक पलंगावर पहिल्या तापाची तारीख."

"तू मला शिकवणार? तुला लिहिता तरी येतं का?"

"नाही येत. मोजता येतं."

झाडू खांद्यावर टाकून ती पुढच्या दारानं बाहेर पडली.