एसडीआरमधली पाव्हणी

चौसाळ्यात हायवेला लागून महारुद्र आप्पांचं किराणा दुकान, आणि दुकानामागं घर. त्या घरात प्रोजेक्टर आला तो वैष्णवीताईच्या लग्नाच्या निमित्तानं. येणाऱ्या-जाणाऱ्याला साखरपुड्याचा पिक्चर भिंतीवर दाखवायचा, ही आप्पांची हौस. त्यासाठी भिंतीला नवा चुना मारला, खिडक्यांना साखरेची रिकामी पोती ठोकली, आणि भरदुपारी खोलीत असा अंधार केला की माणसानं बसायला जावं नि मांजरावर बसावं.

धाकटी शिवकन्या मात्र सकाळपासून धुमसत होती. अकरावीतली पोरगी, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली, तेव्हापासून तिच्या तोंडाला ब्रेक म्हणून राहिला नव्हता. आणि रागाचं कारणही काही बारीक नव्हतं. ताईचा फार्मसीचा शेवटचा पेपर ज्या दिवशी, त्याच दिवशी अक्षता. आप्पांनी तारीख धरली, नवरदेवाकडच्या, कडा गावच्या सोयऱ्यांनी माना डोलावल्या, ताईला कोणी विचारलंसुद्धा नाही. नवरदेव केदारनाथ फोनवर म्हणाला, "आमच्या कापड दुकानात काय गोळ्या विकायच्यात व्हय?" आणि हसला. ताईही हसली. शिवकन्याला सगळ्यात जास्त राग आला तो ताईच्या हसण्याचा.

शूटिंगवाल्या युवराजनं पेनड्राइव्हमध्ये एकच पिक्चर दोन फाइलींत दिला होता. एक एचडीआर, एक एसडीआर.

"एचडीआर लाव," आप्पा म्हणाले. "ती भारीतली हाय."

"आप्पा, ती भारी टीव्हीला भारी. आपल्या प्रोजेक्टरला तेवढा उजेडच न्हाई. चमकतंय तेवढं दिसंल, बाकी समदं काळं होईल. एसडीआर साधी हाय, पण कानाकोपरा दिसतो."

"दुकान मी चालवतो का तू? दोन माल असले तर पाव्हण्यापुढं भारीतला ठेवायचा."

"दिसंना झाला तरी?"

"तरी!"

दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून आप्पा उठले. शिवकन्यानं दात खाऊन एसडीआर लावली. फरकाचा फोटो काढून आप्पांच्या तोंडावर मारायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

भिंतीवर कड्याचं घर उजळलं. पाटावर पिस्ता रंगाच्या साडीत ताई, भोवती बायका, आणि मागं जिन्याखालचा कोनाडा. कोनाड्यात एक बाई बसलेली. वांगी रंगाची साडी, चांदीच्या जरीचे काठ, काठावर मोर. पदर कपाळावर ओढलेला, मान खाली.

असंल कोणी सोयरी, शिवकन्याला वाटलं. पण ओटी भरली, पेढे वाटले, फोटोसाठी सगळं घर उठून पुढं आलं, तरी ती बाई हलली नाही. लेकरं तिच्यासमोरून पळत होती. तिच्याकडं बघत कोणीच नव्हतं.

शिवकन्यानं युवराजला फोन लावला.

"दादा, जिन्याखाली कोण बसलं होतं ओ?"

"जिन्याखाली? तिथं माझे लाइटचे स्टँड ठेवलते की. माणूस कसं बसंल?"

"वांगी साडीतली बाई."

"अगं, एडिटिंगला कितींदा बघितलंय मी. कोणी न्हाई तिथं."

तिनं चित्र थांबवलं आणि भिंतीजवळ गेली. मग तिला ती बैठक ओळखू आली.

लिंगायतांच्या घरात माणूस गेलं की आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात. मान कलू नये म्हणून पाठीमागून पांढरी पट्टी बांधतात, भस्म लावतात, हार घालतात, गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी छातीवर नीट ठेवतात. तसंच बसवून खड्ड्यात उतरवतात आणि भोवती खडेमीठ भरतात. थोरले काका गेले तेव्हा शिवकन्यानं ते सगळं जवळून पाहिलं होतं.

पदराच्या कडेनं पांढरी पट्टी दिसत होती. छातीवर चांदीची डबी.

तेवढ्यात बाहेरून आप्पांची हाक. "आगं ये, कड्याहून शालू आला! घ्या बघून!"

आई बसम्मा हात पुसत आली. ताई पुस्तकात बोट घालून आली. आप्पांनी खोलीत येऊन खोकं उघडलं. आत प्लॅस्टिकमध्ये बंद, टाचण्यांसकट घडी. वांगी रंग. चांदीची जर. काठावर मोर.

"काल रात्री निवडला म्हणं जावईबापूंनी," आप्पा खुशीत म्हणाले.

शिवकन्यानं भिंतीकडं बोट केलं.

आईनं आधी साडी पाहिली, मग भिंत. तिचा हात तोंडावर गेला.

"आवो... तिला बसवलंय."

"काहीतरी बोलू नको!" आप्पा ओरडले. "असंल कोणी. साड्या काय एकाच रंगाच्या नसत्यात?"

"साखरपुड्याला हा शालू नव्हताच, आप्पा! कालचा हाय तो!" शिवकन्याचा आवाज चिरकला. "युवराजदादा म्हणतोय तिथं कोणी नव्हतं. ताईची डबी बघा, आणि ती बघा. कोपरा चेपलेला हाय का न्हाई?"

ताईच्या गळ्यातल्या डबीचा कोपरा लहानपणी विहिरीच्या काठावर आपटून चेपला होता. भिंतीवरचाही चेपला होता.

"एचडीआर लाव."

"न्हाई लावणार."

आप्पांनी रिमोट हिसकावला. चित्र गेलं, दुसरं आलं. ताई झगमगली, समईची ज्योत झगमगली, आणि कोनाडा डांबरासारखा काळा झाला.

"हाय का आता कोणी? हाय का?" आप्पांच्या कपाळावर घाम होता. "न्हाई ना? मग झालं. पाव्हण्यांना हाच दाखवायचा."

"तुमाला दिसलं न्हाई म्हणजे न्हाई व्हय? ताईचा पेपर दिसला न्हाई तुमाला. ती दिसली न्हाई. आता हे पण न्हाई!"

आप्पांचा हात उगारला गेला.

"थांबा," ताई म्हणाली.

ती भिंतीकडं बघत होती. त्या काळ्यात एक चांदीचा ठिपका उरला होता. चमकतं तेवढं एचडीआर सोडत नाही. ठिपका हळूच वर जात होता, हळूच खाली येत होता.

ताईनं आपल्या छातीवरच्या डबीवर हात ठेवला. हात वर जात होता, खाली येत होता.

तिनं श्वास रोखला.

ठिपका थांबला.

तिनं श्वास सोडला.

ठिपका थांबलेलाच राहिला.

ताईनं खोकं उचललं आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. इतकी वर्षं गिळलेला सगळा राग तिच्या डोळ्यांत आला होता, पण आवाज खाली होता. "परत पाठवा. मला पेपर हाय."

"वैष्णवे!"

"पेपर हाय म्हणलं न्हवं मी."

आप्पा आईकडं वळले. आई म्हणाली, "पोरगी म्हणतीया ना, पाठवा." आजवर आप्पांसमोर तिनं पाठवा काय, ठेवा असंसुद्धा म्हटलं नव्हतं.

आप्पा खूप बडबडले, दार आपटून दुकानात गेले. शिवकन्याला हसूही येत होतं, रडूही. तिनं पुन्हा एसडीआर लावली. जिन्याखाली युवराजचे लाइटचे स्टँड उभे होते. बाई नव्हती. भिंतीलगत तेवढी पांढरी पट्टी सुटून पडलेली होती.

"गेली," शिवकन्या म्हणाली. "ताई, गेली बघ ती!"

ताई पुस्तक उघडून बसली होती. आईनं खिडकीवरचं पोतं काढलं, उजेड आत आला. शालू परत बांधायला तिनं खोकं उचललं, आणि थबकली.

"एवढा जड न्हवता गं हा मघाशी."

प्लॅस्टिक कुठंही फाटलेलं नव्हतं, टाचण्या जिथल्या तिथं होत्या. आईनं ते फोडून घडी उलगडली. फरशीवर टपटप आवाज झाला.

ओलं खडेमीठ. प्रत्येक घडीतून.