कोणती चीज?

“चीज कुठं ठेवू?” दारातून आवाज आला.

“कोणती चीज?”

“चीजच.”

“आवो, पण काय चीज?”

तो हसला… आणि त्याने पत्र्याचा डबा उघडून पुढे केला. आत पिवळा गोळा. मला वाटलं, साबण!

रामकिसन तलवाड्याचा. परळीला निजाम सरकारची आगगाडी यायची होती, तिच्या मोजणीच्या साहेबाचा तो स्वयंपाकी. आठ दिवस मुक्काम धर्मापुरीबाहेरच्या आमच्या डाकबंगल्यात. आबा तिथले चौकीदार. आई गेली, मागोमाग आबांचे कान गेले; मला बोलायला उरली ती फक्त चूल. किती एकटी होते मी, ते त्या दिवशी कळलं.

साहेबाला रोज पावात वितळलेलं चीज लागे. पहिल्या दिवशी रामकिसनने ते लोणी लावून तव्यावर भाजलं. दुसऱ्या दिवशी पातेल्यात ठेवून झाकणावर निखारे घातले.

“वरून आच लागली की आतलं लवकर पाघळतं, भिवराबाई,” तो माझ्याकडे बघत म्हणाला. मी फुंकणी उचलली… चूल चांगली पेटलेली असताना!

पाचव्या दिवशी पाव बुरसले. रामकिसनचा चेहरा उतरला. मी ज्वारीची भाकर केली, पापुद्रा उचलून आत चीज भरलं आणि जाळाशी उभी केली. साहेबाने दोन मागून खाल्ल्या. उरलेली आम्ही अर्धी-अर्धी केली, तर मध्ये चीजची तार.

“तुमी तोडा,” तो म्हणाला.

“तुमीच तोडा.”

कुणीच तोडली नाही.

जाताना त्याने चीजचा एक न उघडलेला डबा माझ्या हातात दिला. “हा संपायच्या आत येतो. आबांशी बोलायचं हाय.”

“मग आत्ता बोला की.”

“लई मोठ्यानं बोलावं लागंल… साहेब ऐकंल.”

बैलगाडी गेली. पाऊस झाला, ज्वारी निघाली. दुसरे साहेब आले, दुसरे स्वयंपाकी आले. चुलीशी बोलणंही आता जमेना. एकदा माणसाची सवय लागली, की घर खायला उठतं.

उन्हाळ्यात दारातून आवाज आला, “डबा कवाच संपला आसंल… लई उशीर झाला.”

मी फडताळातला डबा त्याच्यापुढे ठेवला. झाकण तसंच बंद.

“उघडला न्हाई? कावून?”

“संपायच्या आत येनार व्हता न्हवं तुमी?”

रामकिसन सरळ ओसरीवर आबांकडे गेला, त्यांच्या कानाशी वाकला, आणि असा ओरडला की सगळ्या धर्मापुरीला कळलं.