सावरीच्या पुराची नौबत

श्रावणातल्या त्या पहाटे कोरकड्याचा किल्ला ढगांत असा काही बुडाला होता, की बुरुजावरच्या पहारेकऱ्याला स्वतःच्या भाल्याचे टोक दिसत नव्हते. पाच दिवस मुसळधार पाऊस कोसळत होता, आणि आभाळच फाटल्यावर ठिगळ लावायचे तरी कुठे? उजाडता उजाडता वाऱ्याने धुके हटवले, नौबतखान्यात उभ्या असलेल्या सटवोजी घडशाला समोरचा घाट दिसला. घाटावरून कोसळणाऱ्या सात धारांची मिळून एकच धार झाली होती.

या खुणेचा अर्थ खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. सातांची एक झाली की घटकाभरात सावरी नदी काठ सोडते. म्हणून गडावरून तीन-तीन ठोक्यांची नौबत वाजायची आणि पायथ्याचे केळशेत गाव गुरे-पोरे घेऊन टेकडी गाठायचे. नौबत नाही तर पूर नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा होता.

सटवोजीने टिपऱ्या उचलल्या, तोच किल्लेदार यमाजीराव चार हशमांनिशी वर आले.

“हात आवर, सटवोजी. आज नौबत वाजायची नाही.”

“सरकार, पाणी सुटलंय!”

“ते आम्हांसही दिसते. चार महिने गडाला फास लावून बसलेला गनीम तोफा-दारूगोळ्यासह नदीकाठी पडला आहे. आषाढात नौबत वाजली आणि गाव टेकडीवर पळाले, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. आज ती ऐकताच तोही उठेल. आई भवानीने दिलेली संधी आम्ही दवडणार नाही.”

“आणि केळशेत, सरकार?”

“गडावर तीनशे माणसे आहेत आणि कोठारात दाणा नाही.” यमाजीरावांनी गावाकडून नजर वळवली. “तुझी लेक त्या गावी दिली आहे, हे आम्ही जाणतो. खाल्ल्या मिठाला जाग.”

भिवरा त्याची एकुलती एक पोर. तिची आई गेल्यावर त्याने तिला याच नौबतखान्यात वाढवली आणि फाल्गुनात केळशेतच्या केरोबाच्या घरी सून म्हणून दिली. इकडे आड, तिकडे विहीर! सटवोजी नुसता उभा राहिला. खाली शत्रूच्या छावणीत चुली धुमसत होत्या, गावातही धुमसत होत्या, आणि त्याला आपले हात दुसऱ्याच कुणाचे तरी वाटत होते. अर्धी घटका अशीच गेली.

मग त्याने नगाऱ्यावर टिपरी हाणली. तीन ठोके, पुन्हा तीन.

हशमांनी तलवारी उपसल्या. त्याने वळूनही पाहिले नाही. यमाजीरावांचा चेहरा संतापाने काळवंडला होता, पण त्यांनीच हात वर केला. “थांबा! बाण सुटला. आता याला कापून काय मिळणार?”

खाली गनीम उठला, त्याची माणसे वाचली. पण चिखलात रुतलेल्या तोफा काही उठल्या नाहीत. पाणी आले ते छावणी खरवडूनच गेले. तोफांवाचून वेढा कसला? दुसऱ्या दिवशी गनिमाने पाठ फिरवली.

तिसऱ्या दिवशी केरोबा गड चढून आला. भरल्या सदरेत त्याने आपले पागोटे सटवोजीच्या पायांवर ठेवले.

“पाव्हणं, तुमच्या नौबतीनं गाव वाचला.”

“भिवरा?”

केरोबाने मान वर केली नाही. “पाणी गढूळलं तवाच निम्मा गाव उठला हुता. म्या म्हनलं, चल पोरी. म्हनली, आबांची नौबत वाजल्याबिगर मी हलायची न्हाई, माझा आबा कधी चुकत न्हाई. ठोका पडला तशी पळत सुटली वो! पर तवर वढ्यानं वाट तोडली हुती...” म्हातारा धाय मोकलून रडू लागला.

सटवोजीच्या डोळ्यांत टिपूस नव्हते. यमाजीराव म्हणाले, “सटवोजी, हुकूम मोडल्याची शिक्षा आम्ही तुला माफ केली.”

“माफी नगं, सरकार,” सटवोजी म्हणाला. “अर्धी घटका हुकूम पाळला, त्याची शिक्षा द्या.”