न लावलेला दिवा

"तुझ्या विहिरीचं पाणी घेतलंय. उपकार झाले," असे म्हणून लव्हिनाने बादली उचलली आणि जमिनीवर खिळ्यांनी ठोकलेल्या निळ्या कापडी पट्टीपलीकडे, आपल्या चुलीजवळ, ती पाठ फिरवून उभी राहिली. थोरल्या बहिणीने, केझायाने, उत्तर दिले नाही. उत्तर होते, पण ते ओठांवर आणायचे नाही, असे तिने प्रभूच्या साक्षीने केव्हाच ठरवले होते...

अमेरिकेतल्या डाकोटाच्या त्या अफाट माळावर बहिणींचे मातीचे घर दोन जमिनींच्या हद्दीवर उभे होते. ज्याने त्याने पाच वर्षे आपल्याच जमिनीवर राहावे, निजावे, तरच ती नावावर होईल, असा सरकारचा कायदा. म्हणून एका छपराखाली दोन खाटा आणि मध्ये ती पट्टी. पाणी केझायाच्या भागात लागले, चूल लव्हिनाच्या भागात बसली. पहिल्या वर्षी या पट्टीचे केवढे कौतुक! "ताई, तुझा पाय माझ्या शेतात आलाय, दंड भर," असे म्हणत लव्हिना खोकला येईपर्यंत हसायची.

मग ओढ्यापलीकडच्या असाहेलने केझायाला मागणी घातली. लढाईत गुडघा निकामी झालेला, लंगडत चालणारा, पण रविवारच्या उपासनेत गाऊ लागला की वाऱ्यानेही थबकावे असा त्याचा स्वर! तो स्वर केझायाच्या काळजात कधीच घर करून बसला होता. पण असाहेलही त्याच कायद्याने आपल्या जमिनीला बांधलेला. पत्नी होऊन तिकडे जावे, तर इथली जमीन सुटणार, विहिरीसकट कुणा परक्याच्या हाती जाणार. आणि ज्या लव्हिनाच्या सूतगिरणीने पोखरलेल्या छातीत या कोरड्या वाऱ्याने श्वास परत भरला, ती पाण्यावाचून इथे जगणार कशी? हे तिला कळते, तर ताईच्या सुखासाठी तिने त्याच दिवशी गाठोडे बांधून गिरणीची वाट धरली असती. असाहेलला 'थांब' म्हणायलाही कारण सांगावे लागले असते, आणि ते लव्हिनाच्या कानी गेलेच असते. केझाया फक्त "नाही" म्हणाली.

"त्याचा पाय लंगडा म्हणूनच ना?" लव्हिना म्हणाली होती. "मग उद्या माझा खोकलाही जड होईल तुला."

त्या दिवसापासून पट्टी ही केवळ पट्टी राहिली नाही.

पाच वर्षे भरली. तालुक्याच्या कचेरीत जमिनीच्या साक्षी व्हायच्या होत्या. केझायाच्या बाजूने साक्ष द्यायला, काठी टेकत, असाहेल उभा राहिला. पवित्र शास्त्रावर हात ठेवून तो म्हणाला, "बाई इथंच राहिल्या. रोज संध्याकाळी खिडकीत त्यांचा दिवा लागतो. मी एकही संध्याकाळ चुकवलेली नाही."

"न चुकणारे तुम्ही की दिवा?" म्हाताऱ्या कारकुनाने मिशीत हसून विचारले.

"दोघंही," असाहेल खाली पाहत म्हणाला.

केझायाने मान वर केली नाही. शिक्का उमटवताना कारकून पुटपुटला, "शहाण्या आहात, बाई. लग्न करून ओढ्यापलीकडे नांदायला गेला असतात, तर आज जमीनही गेली असती आणि विहीरही."

शेजारी उभ्या असलेल्या लव्हिनाच्या हातातला रुमाल गळून पडला.

परतीच्या वाटेवर गाडीभोवती सोनेरी गवत लाटांसारखे उठत होते, निवत होते. जणू कुणी झोपेत उसासे टाकावेत. घरात शिरताच लव्हिनाने सुरीच्या टोकाने एकेक खिळा उपटायला सुरुवात केली.

"अगं, हाताला लागेल," केझाया म्हणाली.

"लागू दे. तू मला सांगितलं का नाहीस, ताई?"

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

लव्हिनाने पट्टी मुठीत गच्च धरली. "नसते राहिले... आणि मी तुला काय काय बोलले! लंगड्याला नाकारलंस म्हणून..."

"बोललीस तेव्हा न खोकता बोललीस गं. मला तेवढं पुरत होतं."

मग मात्र लव्हिना तिच्या कुशीत शिरली. ज्या डोळ्यांनी इतकी वर्षे नजर चुकवली होती, ते केझायाच्या खांद्यावर रिते होत राहिले, आणि थोरलीने आईच्या मायेने तिच्या केसांवरून हात फिरवला.

माळावर सांज उतरली. सवयीने केझाया खिडकीकडे गेली, दिव्याची काच पुसली, काडी हाती घेतली. लव्हिनाने हलकेच ती काढून घेतली.

"आज नको लावूस."

"अगं, ते बघत असतील. काळजी करतील."

"करू देत," लव्हिना डोळे पुसत म्हणाली. "सांजेला एकदाही न चुकलेला माणूस आहे. बघू या, अंधार झाल्यावर घरात बसवतं का त्याला."

दोघी बहिणी एकाच खाटेवर, हातात हात घेऊन, अंधारात बसल्या. प्रार्थना कुणीच मोठ्याने म्हटली नाही. बाहेर गवत सळसळत होते, ओढा वाहत होता... आणि मग त्या सळसळीतून, ओढ्याच्या अलीकडे, पावले ऐकू आली. एक ठाम, एक ओढत येणारे, आणि दोन्ही घाईत.